नावापुरतं लिथियम

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी भंगारवाला येतो. गेल्या खेपेस त्याच्यापुढे दोन बॅटऱ्या होत्या. एक इन्व्हर्टरची, टर्मिनलवर पांढरी बुरशी धरलेली, दोघांनी मिळून उचलावी इतकी जड. दुसरी शेजाऱ्यांच्या विजेच्या स्कूटरची. छोट्या सुटकेसएवढी, वर हँडल, बाहेरून एक ओरखडाही नाही. पहिली त्याने काट्याला लावली, पंचावन्न किलो भरली, मोबाइलवर हिशेब केला आणि साडेचार हजारांच्या वर रक्कम मोजून दिली. दुसरीला त्याने हातही लावला नाही. म्हणाला, "ये लिथियम है साब, ये नहीं चलेगा."

शिशाला रोख पैसे आणि लिथियमला नकार. ज्या धातूसाठी केंद्र सरकारची कंपनी अर्जेंटिनात जाऊन पंधरा हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर शोधाचे हक्क घेते, तो धातू घाटकोपरच्या जिन्याखाली फुकटही कुणाला नको होता. भंगारवाला अडाणी नव्हता. त्याचा नकार कुठून आला याचा माग काढायला गेलो, तर वाट बरीच मागे गेली, लिथियमचा शोधही लागला नव्हता तिथवर.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'झारेकरी' असा शब्द आहे. सोनाराच्या दुकानातली राख, माती, केर विकत घेऊन, धुऊन, त्यातले सोन्या-चांदीचे कण वेगळे काढणारा तो झारेकरी. शब्द मुंबईतून जवळजवळ गेला, काम गेलेलं नाही. झवेरी बाजारात कारागिरांच्या खोल्यांतला केर आजही विकला जातो. पायपुसणी, जुन्या चटया, घासून झिजलेला सँडपेपर, काहीच फेकलं जात नाही. जाळायचं आणि राख धुवायची. उपनगरातही हेच आहे, फक्त तिथे टाइल्स लावलेल्या असतात. अंधेरी पूर्वेला १९७३मध्ये सीप्झ उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. पुढे तिथे दागिन्यांचे कारखाने आले. दागिने घडवणाऱ्या अशा कारखान्यांत कामगारांनी हात धुतलेलं पाणी थेट गटारात सोडत नाहीत. ते टाकीत जातं, गाळ खाली बसतो, आणि त्या गाळाचाही भाव होतो.

झारेकऱ्याचं शास्त्र तीन पायऱ्यांचं. आधी गोळा करायचं. मग पाण्यात हलवून हलकं वाहू द्यायचं आणि जड ठेवायचं. शेवटी तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड. त्यात चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. बॅटरीच्या आजच्या कारखान्यातली यंत्रं कोटींची असली तरी पायऱ्या याच आहेत. झारेकऱ्याचा अलिखित नियमही त्या कारखान्यात तसाच आला: केराला भाव मिळतो तो त्यातल्या सगळ्यात महाग वस्तूमुळे, बाकीचं पाण्याबरोबर गेलं तरी कुणी हळहळत नाही. लिथियमची पुढची पन्नास-साठ वर्षांची कहाणी या एका नियमाची आहे.

शिशाचं सोपं होतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यासाठी कारखाना लागत नाही, शेडमधली भट्टी पुरते. मोटारीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन शिशाचं आणि त्याच्या संयुगांचं असतं, म्हणून 'जुनी द्या, नवी घ्या' हा सौदा कुणी कायदा करायच्या आधीपासून चालू होता. कायदा २००१मध्ये आला आणि विक्रेत्यांवर जुनी बॅटरी परत घेण्याचं बंधन पडलं. शेडमधल्या भट्टीचा धूर आसपासच्या मुलांच्या रक्तात शिसं सोडतो, हा या व्यवहाराचा काळा भाग आहे आणि तो अजून संपलेला नाही. पण बॅटरी कुठे पोचते हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या रिकाम्या डब्यासारखी ती आपोआप योग्य हातात जाते.

लिथियम मात्र जन्मापासून किरकोळीत मोडत आलं. १८१७मध्ये स्टॉकहोममध्ये रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत योहान ऑगस्ट अर्फवेडसन हा पंचविशीतला तरुण पेटलाइट नावाच्या खनिजाचं पृथक्करण करत होता. घटकांच्या टक्क्यांची बेरीज काही केल्या शंभर भरेना. जी तूट पडत होती तिच्यात एक नवा क्षार निघाला. सोडा आणि पोटॅश वनस्पतींच्या राखेतून माहीत झालेले. हा दगडात सापडला, म्हणून ग्रीक भाषेतल्या दगडावरून नाव पडलं लिथियम. पाण्याच्या साधारण निम्म्या घनतेचा, सगळ्यात हलका धातू. हिशेबातली तूट म्हणून जगात आलेलं मूलद्रव्य पुढे दीडशे वर्षं तसंच राहिलं, कशात तरी चिमूटभर घालण्यापुरतं. अमेरिकेत १९२९मध्ये निघालेल्या सेव्हन-अपमध्ये सुरुवातीची बरीच वर्षं लिथियमचा क्षार असे. १९४९मध्ये ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिलं आणि उतार पडला. त्या गोळ्या आजही ठाण्याच्या मनोरुग्णालयापासून बोरिवलीच्या केमिस्टपर्यंत मिळतात. त्यातला क्षार आहे लिथियम कार्बोनेट, आणि बॅटरीच्या कारखान्यात शेवटी जी पांढरी भुकटी गोणीत भरली जाते तीही लिथियम कार्बोनेटच. गॅरेजमध्ये बेअरिंगला लावतात त्या ग्रीसमध्येही लिथियमचा साबण असतो. म्हणजे अंधेरीच्या मिस्त्रींची बोटं लिथियमने माखली होती ती विजेच्या गाड्या येण्याच्या कितीतरी आधी.

बॅटरीत ते आलं १९७०च्या दशकात. तेलाची टंचाई होती आणि एक्झॉन या तेल कंपनीच्याच प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. १९८०मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने तिच्यासाठी कोबाल्टचा ऑक्साइड शोधला, जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम काढून टाकून कार्बनचा इलेक्ट्रोड बसवला, आणि १९९१मध्ये सोनीने ती बाजारात आणली. २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण सगळी गोम त्यात आहे. गुडइनफ यांच्या त्या पदार्थाचं नाव लिथियम कोबाल्ट ऑक्साइड. अणुभार मांडले तर त्याच्या वजनात कोबाल्ट ६० टक्के आणि लिथियम जेमतेम ७. तेही फक्त त्या एका पदार्थात. तांब्याची पत्री, ॲल्युमिनियमची पत्री, ग्रॅफाइट, विद्युतद्राव, बाहेरचं डबडं असं सगळं धरलं की पूर्ण सेलमध्ये लिथियमचे दोन-तीन टक्के उरतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बॅटरीला नाव मिळालं लिथियमचं, किंमत आली कोबाल्टची.

मुंबईत मोबाइल आला १९९५च्या सुमारास, बीपीएल आणि मॅक्स टचच्या कार्डांसह. सुरुवातीच्या त्या विटांमध्ये बहुतेक निकेलच्या बॅटऱ्या होत्या. लिथियम मागून आलं, फोन खिशात मावू लागला तेव्हा. घरोघरी या बॅटरीचं अस्तित्व जाणवलं ते ऑगस्ट २००७मध्ये. नोकियाने बीएल-५सी या नमुन्याच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून देण्याची घोषणा केली, कारण त्या चार्जिंगला असताना तापू शकत होत्या. भारतात त्याचा गवगवा झाला 'बॅटरी फुटते' असा. लोक फोन उघडून बॅटरीच्या पाठीवरचे सव्वीस आकडे-अक्षरं चष्मा लावून वाचत होते आणि सर्व्हिस सेंटरपुढे रांगा लावत होते. एवढं होऊनही बदललेली बॅटरी शेवटी कुठे जाते, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारला नव्हता. माझी जुनी बॅटरी ड्रॉवरमध्ये होती, आणि नंतर कधीतरी ओल्या-सुक्या कचऱ्यासोबत गेली. त्या काळात मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड चालू होतं. २०१८मध्ये ते बंद करून सुमारे ७० लाख टन जुना कचरा उपसायचं काम निघालं. त्या ढिगाऱ्यात उपनगरांतल्या किती मोबाइलचं कोबाल्ट पडलं असेल, याचा अंदाज झारेकऱ्यालाच यावा.

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फोन, संगणक, गाड्या सुट्या करणाऱ्यांनी मात्र कोबाल्टचा वास लवकर ओळखला. मोबाइलच्या बॅटऱ्या किलोवर विकल्या जाऊ लागल्या, त्यातही भाव पडे तो 'कोबाल्टवाल्या'ला. बाहेरच्या जगातही वेगळं चाललं नव्हतं. बेल्जियममध्ये होबोकेनला युमिकोर कंपनीची प्रचंड भट्टी आहे. तिच्यात बॅटऱ्या टाकल्या की कोबाल्ट, निकेल आणि तांबं यांचा मिश्रधातू खाली उतरतो, आणि लिथियम ॲल्युमिनियमसह मळीत जातं. ही मळी बांधकामात वापरता येते. दोनशे वर्षांपूर्वी दगडातून कष्टाने बाहेर काढलेलं लिथियम पुन्हा दगडात. परत काढता येत नव्हतं असं नाही. काढायचा खर्च त्याच्या मोलापेक्षा जास्त होता. हाच तो झारेकऱ्याचा नियम.

आता जरा वाकडी वाट करून तुर्भ्याच्या टेकडीमागे जायला हवं. ट्रॉम्बे आपण म्हणतो ते. चेंबूर-मानखुर्दच्या पलीकडचा हा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यातच येतो, आणि वापरून झालेल्यातून मौल्यवान ते परत काढण्याचं देशातलं सगळ्यात कठीण काम इथे साठ वर्षांपूर्वी सुरू झालं. सायरस अणुभट्टी १९६०मध्ये सुरू झाली. तिच्यातून निघालेलं वापरलेलं युरेनियम इंधन विरघळवून त्यातून प्लुटोनियम काढणारा कारखाना होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली १९६४मध्ये चालू झाला आणि जानेवारी १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. या वापरलेल्या इंधनाला सरकारी हिंदीत 'भुक्तशेष' म्हणतात. साध्या मराठीत उष्टं.

त्या उष्ट्याचं काय करत? सळ्या नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवत. तेजाब इथेही आलंच. मग त्या द्रावणात ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाचं तेलकट रसायन रॉकेलसारख्या द्रावकात मिसळून घुसळत. आमटीवर तवंग राहतो तसे हे दोन द्रव एकजीव होत नाहीत. घुसळताना युरेनियम आणि प्लुटोनियम तेलाच्या बाजूला जातात, बाकीची किरणोत्सारी घाण पाण्यात राहते. मग पुन्हा रसायन बदलून प्लुटोनियम एकट्याला पाण्यात परत बोलवायचं. असं अनेकदा. धातूंच्या गर्दीतून एकेकाला हाताला धरून बाहेर नेण्याची ही रीत. बॅटरीचे धातू आज असेच वेगळे होतात, फक्त तेल वेगळं. मँगनीजसाठी एक, कोबाल्टला निकेलपासून सोडवण्यासाठी दुसरं. अणुऊर्जा खात्याच्याच जड पाणी मंडळाने ही द्रावकं देशात तयार करायला घेतली. बॅटरीचे आजचे कारखाने ट्रॉम्बेतून जन्मले असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. ही विद्या जगभर वाढली. पण 'विद्रावक निष्कर्षण' हा अवघड शब्द उच्चारणारे रसायनशास्त्रज्ञ आणि 'ये नहीं चलेगा' म्हणणारा भंगारवाला एकाच जिल्ह्यात, पाच-सात मैलांच्या अंतरावर नांदत होते, आणि पन्नास वर्षं त्यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. विजेच्या गाडीने ते कारण दिलं.

बेस्टच्या ताफ्यात विजेच्या पहिल्या काही बस नोव्हेंबर २०१७मध्ये आल्या. १५ सप्टेंबर २०२३ला अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणारी ४१५ क्रमांकाची जुनी डबलडेकर शेवटची धावली तेव्हा लोक हार घेऊन आले होते. तिच्या जागी आलेली वातानुकूलित डबलडेकर विजेवर चालते. राज्याचं विद्युत वाहन धोरण २०१८मध्ये आलं, २०२१ आणि २०२५मध्ये नव्याने आलं. एमएच ०२, एमएच ०३, एमएच ४७च्या हिरव्या पाट्या आता मोजण्याच्या पलीकडे गेल्यात. हॉटेलातलं जेवण पोचवणारी मुलं तर दिवसात दोनदा बॅटरी बदलतात. दुकानाच्या पायरीशी कपाट असतं, रिकामी आत, भरलेली बाहेर, दोन मिनिटांत काम.

यातला मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मालकीचा आहे. बसची बॅटरी बस पुरवणाऱ्या कंत्राटदाराची, कपाटातली बॅटरी कपाटवाल्या कंपनीची. त्या बॅटऱ्या हिशेबात असतात, त्यामुळे मेल्यावरही त्यांना वारस असतो. माझ्या शेजाऱ्यांसारख्यांची बॅटरी बेवारस. स्कूटर बनवणाऱ्या कंपनीचं आमच्या भागातलं दुकान बंद पडलं, हमी संपलेली, फोन कुणी उचलत नाही.

दुसरं म्हणजे, गाडीने बॅटरीतला माल बदलला. गुडइनफ यांच्याच टेक्सासमधल्या गटाने १९९०च्या दशकात कोबाल्टऐवजी लोखंड आणि फॉस्फेट वापरून दाखवलं होतं. ही एलएफपी बॅटरी स्वस्त, सहज पेट न घेणारी, टिकाऊ. बस आणि दुचाक्यांत ती झपाट्याने पसरली. तिच्या पदार्थात लोखंड ३५ टक्के आणि लिथियम साडेचार टक्क्यांच्या आत. कोबाल्ट शून्य, निकेल शून्य. भंगारवाल्याच्या नकाराचं अर्धं उत्तर इथे मिळालं. पत्र्यांतलं तांबं-ॲल्युमिनियम सोडलं तर आत आहे लोखंड, आणि लोखंडासाठी एवढा धोका कोण पत्करेल? उरलेलं अर्धं उत्तर आगीचं. सप्टेंबर २०२२मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटून एका मुलाचा जीव गेला, ते या धंद्यातला कुणी विसरलेलं नाही.

पण गंमत पाहा. कोबाल्ट गेल्यामुळेच लिथियमकडे पहिल्यांदा कुणाचं लक्ष गेलं. पंगतीतला मानकरी उठून गेल्यावर कोपऱ्यातला माणूस दिसावा तसं. एलएफपीतून काही कमवायचं तर ते लिथियममधूनच.

किती असतं ते? एका किलोवॅट-तासामागे साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम. तीन किलोवॅट-तासांच्या स्कूटरच्या बॅटरीत तीनशे-साडेतीनशे ग्रॅम धरा. धातूच्या रूपात नव्हे, संयुगांत अडकलेलं. त्याचं कार्बोनेट केलं की वजन पाचपटीहून थोडं जास्त भरतं, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास पांढरी भुकटी.

ती काढायची रीत सांगण्यासारखी आहे. आधी बॅटरीतली उरलीसुरली वीज काढून टाकायची, बऱ्याचदा मिठाच्या पाण्यात बुडवून. मग पाण्याखाली किंवा नायट्रोजनच्या बंद वातावरणात ती चुरायची, म्हणजे आग लागत नाही. तरी जपावं लागतं, कारण विद्युतद्रावातल्या क्षाराला ओलावा लागला की काचही खाणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. चुरा चाळला की पत्रे, प्लॅस्टिक, तांबं बाजूला पडतं आणि खाली उरते काजळीसारखी काळी भुकटी. तिला सगळे 'ब्लॅक मास' म्हणतात. इथवरचं काम सोपं, म्हणून आपल्याकडचे अनेक जण बरीच वर्षं इथेच थांबत आणि काळी भुकटी परदेशी पाठवत. केर आपण गोळा करायचा, सोनं दुसऱ्याने काढायचं.

पुढे ही भुकटी गरम गंधकाम्लात, हायड्रोजन पेरॉक्साइड घालून विरघळवतात. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम आधी खाली बसवायचं, मग मँगनीज, मग कोबाल्ट, मग निकेल. एकेक पाहुणा उठतो, लिथियम आपलं बसलेलंच. ते शेवटपर्यंत पाण्यात राहतं आणि प्रत्येक पायरीला, प्रत्येक गाळणीत थोडंथोडं सांडत जातं. शेवटी पाणी आटवून त्यात सोडा घालतात. हा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, धुण्याचा सोडा. आणि इथे लिथियम कार्बोनेटची एक खोड उपयोगी पडते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे मात्र उलटं वागतं. शून्य अंशाला शंभर मिलिलिटर पाण्यात दीड ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्मंही नाही. म्हणून द्रावण उकळीपर्यंत नेतात आणि पांढरा साका खाली बसतो. बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत गिझरच्या कॉइलवर जशी खपली धरते, काहीसं तसंच. तो साका धुवायचा तोही गरम पाण्यानेच, नाहीतर हाती आलेलं पुन्हा विरघळून जाणार.

अलीकडे क्रम उलटवायची धडपड चालू आहे. काळी भुकटी तिच्यातल्याच ग्रॅफाइटसह भाजली तर लिथियमचं कार्बोनेट होतं आणि नुसत्या पाण्याने आधीच धुऊन काढता येतं. एलएफपीत तर जरुरीपुरतं ॲसिड आणि पेरॉक्साइड वापरून लिथियम तेवढं काढून घेता येतं, लोह-फॉस्फेट तसंच घट्ट मागे राहतं. पंगतीत शेवटी राहणाऱ्याला पहिलं ताट वाढण्याचा हा प्रकार.

धुण्याच्या सोड्यावरून आठवलं. मिठापूरला दशकानुदशकं सोडा ॲश बनवणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा केमिकल्सनेच ऑगस्ट २०१९मध्ये मुंबईजवळ लिथियम-आयन बॅटऱ्यांचं पुनर्चक्रीकरण सुरू केलं. कार्यालय अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आणि कारखाना वसईत असलेली इको रिसायकलिंग ई-कचऱ्याकडून या बॅटऱ्यांकडे वळली, रिसायकलकरोने पालघर जिल्ह्यात कारखाना काढला. नकाशा पाहिला की एक रेघ दिसते. माल गोळा होतो अंधेरी, कुर्ला, मुलुंडमध्ये. ॲसिडच्या टाक्या उभ्या राहतात वसई-पालघरकडे. उपनगरांत आता टाकी लावायला जागा नाही आणि धूर सोसायला शेजारी तयार नाहीत. गिरण्या-कारखान्यांचंही असंच झालं होतं, त्यात नवल नाही.

ऑगस्ट २०२२मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. २००१चे नियम शिशापुरते होते, हे सगळ्या बॅटऱ्यांचे. बॅटरी जमिनीत पुरायला आणि जाळायला बंदी. उत्पादकावर ती परत मिळवण्याची जबाबदारी. गाडीच्या बॅटरीतून २०२६-२७पासून ९० टक्के माल परत काढायची अट. आणि २०२७-२८पासून नव्या बॅटरीत ५ टक्के, २०३०-३१पर्यंत २० टक्के पुनर्प्राप्त माल घालण्याची सक्ती. सप्टेंबर २०२५मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रीकरणासाठी १५०० कोटींची प्रोत्साहन योजना केंद्राने मंजूर केली. खाणीचं स्वप्नही आहेच. फेब्रुवारी २०२३मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टनांचा अंदाजित साठा जाहीर झाला तेव्हा पेढे वाटण्यासारखे मथळे आले होते, पण लिलावाला पुरेसे बोलीदारच मिळाले नाहीत.

मला या नियमांत एक खोच दिसते. ९० टक्के हे वजनाचं मोजमाप आहे. डबडं, तांबं, ॲल्युमिनियम, निकेल हाती लागलं की आकडा बराच वर जातो, आणि दोन टक्क्यांचं लिथियम सुटलं तरी तो फारसा खाली येत नाही. झारेकऱ्याचा नियम कायद्याच्या मजकुरात असा अलगद शिरून बसलाय.

आणि भाव तर रोज परीक्षा पाहतो. नोव्हेंबर २०२२मध्ये चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला जवळपास ६ लाख युआनला पोचलं होतं. त्या भावाने शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या बॅटरीत बारा हजार रुपयांचा माल होता. २०२५च्या मध्याला भाव साठ हजारांच्या आसपास आला. तीच बॅटरी, तोच माल, बाराशे रुपये. त्यातून वाहतूक, ॲसिड, वीज, मजुरी वजा करा.

शेवटी शेजाऱ्यांनी ती बॅटरी साकीनाक्याच्या एका मुलाला दिली. नियमात बसणारं नाही हे, पण तीन महिने जिन्याखाली ठेवण्यापेक्षा बरं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, तरी बघायला मी सोबत गेलो. त्याने कव्हर उघडलं, बीएमएसची, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची, वायर तोडली, निकेलच्या पट्ट्या चिमट्याने सोलल्या. मग मीटर लावून एकेका सेलवर मार्करने आकडा लिहीत गेला. चांगले निघाले ते एका क्रेटमध्ये. त्यांचं चौपाटीवरच्या भेळवाल्याच्या दिव्यासाठी पॅक होणार होतं. मेलेले वाळूच्या बादलीत. त्यांचं काय करणार, मी विचारलं. महिन्यातून एकदा गाडी येते, म्हणाला, वसईकडे नेतात.

निघताना त्याने शेजाऱ्यांच्या हातात तीनशे ऐंशी रुपये ठेवले आणि हिशेबही सांगितला. ॲल्युमिनियमची पेटी, तांब्याची वायर. सेलचे काही धरले नव्हते.